जांबचा नारायण आणि त्याची अक्षरशाळा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा त्यात एक अट होती. शाळेच्या आठवणी नकोत, त्या बाकीच्यांनी पोत्याने पाठवल्या आहेत; तू आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या माणसावर लिही. मी समर्थ रामदासांवर लिहिते असे कळवले, तर ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आली की त्यांच्यावर आता नवीन काय लिहिणार? प्रश्न रास्त आहे. रामदास म्हणजे मनाचे श्लोक पाठांतर स्पर्धा, मारुतीचे देऊळ, सूर्यनमस्कार आणि वर्गातल्या फळ्यावरचा सुविचार, एवढे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. माणूस फार ओळखीचा झाला की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, तसे काहीसे त्यांचे झाले आहे.

मी वीस-बावीस वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. लोकांना वाटते की आम्ही दिवसभर कोड लिहितो. खरे तर दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात जातो. ग्राहकाला नेमके काय हवे आहे ते ऐकून घेण्यात आणि ते टीममधल्या नव्या मुलांना समजेल असे सांगण्यात उरलेला जातो. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे. इंजिनिअरिंग कॉलेजात यांतले एकही कोणी धड शिकवले नाही. दोन वर्षांपूर्वी दासबोध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आले की या चारही गोष्टींचा वेगवेगळा आणि बारकाईने विचार करणारा माणूस सतराव्या शतकात होऊन गेला आहे आणि तो आपल्या घनसावंगी तालुक्यातला आहे. म्हणून त्यांचे चरित्र मी या एका बाजूने सांगणार आहे. शिवाजी महाराज आणि समर्थ यांची भेट केव्हा झाली, गुरू कोण आणि शिष्य कोण, या वादात मी शिरणार नाही. त्यावर भांडायला आपला ग्रुप आहेच.

शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८. चैत्र शुद्ध नवमीला, रामजन्माच्या दिवशी, जांब गावी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. मोठा भाऊ गंगाधर त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. तो काळ निजामशाहीचा. अहमदनगरची गादी नावाला होती, सत्ता मलिक अंबरच्या हाती होती, आणि आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते खडकी गाव तो त्याच सुमारास वसवत होता. मोगलांच्या स्वाऱ्या चालू होत्या. ठोसरांच्या घरी गावचे कुलकर्णीपण होते, म्हणजे लेखणी हे घरातले अवजारच. सुताराच्या घरात वाकस, तशी कुलकर्ण्याच्या घरात दौत. वसुलीचे हिशेब, चिठ्ठ्या, नोंदी, सगळे मोडीत. नारायणाने अक्षर गिरवायला घेतले ते या वातावरणात. तो सात-आठ वर्षांचा असताना सूर्याजीपंत गेले आणि घराचा भार आई आणि गंगाधर यांच्यावर आला.

बाराव्या वर्षी लग्न ठरले. भटजींनी मंगलाष्टकांतला सावधान उच्चारला आणि नवरा मुलगा बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट सांगायची गरज नाही. आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यावरची नाटिका निदान दोनदा झाली आहे. परंपरेनुसार हे लग्न जवळच्या आसनगावी होते. मला त्या नाटिकेत नेहमी गाळला जाणारा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बारा वर्षांचे पोर एकटे नाशिकपर्यंत गेले. आजही जांबहून नाशिक म्हणजे एसटीने दिवसभराचा प्रवास. मुलगा पंचवटीला पोचला आणि जवळच्या टाकळी गावात राहिला. नंदिनी नदी, जिला आता नासर्डी म्हणतात, तिथे गोदावरीला मिळते. तिथे त्याने बारा वर्षे काढली.

या बारा वर्षांचे वर्णन बहुतेक चरित्रांत तपश्चर्या या एका शब्दात आटोपते. परंपरा जो दिनक्रम सांगते तो असा: पहाटेपासून दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून जप, मग पंचवटीत माधुकरी, आणि नंतर अभ्यास. त्या अभ्यासाचा एक पुरावा आजही शिल्लक आहे. या मुलाने संस्कृतातले वाल्मीकि रामायण हाताने लिहून काढले. त्या हस्तलिखिताची पाने धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत.

ग्रंथ लिहून काढणे म्हणजे काय, हे फोटोकॉपीच्या काळात वाढलेल्या आपल्याला पटकन कळत नाही. चोवीस हजार श्लोकांचा हा ग्रंथ. एक ओळ वाचायची, ती डोक्यात धरायची, मग हाताने उतरवायची आणि उतरवलेली पुन्हा मूळ ओळीशी ताडून पाहायची. जोडाक्षर चुकले तर वृत्त अडखळते आणि कानाला ते लगेच कळते. वाचन, श्रवण आणि लेखन एकाच वेळी घडते. आमच्याकडे नव्या मुलांना मी कधी कधी सांगते की चांगला कोड नुसता चिकटवू नका, एकदा स्वतः टाइप करा. ते हसतात. पण हाताने लिहिताना डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टी दिसतात, हा अनुभव कोणत्याही काळातला आहे. टाकळीला गुरुकुल नव्हते, परीक्षा नव्हती. त्या मुलाने ग्रंथालाच शिक्षक केले.

१६३२ च्या सुमारास तो टाकळीतून निघाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि नारायणाचा रामदास झाला होता. पुढची बारा वर्षे देशभर भटकंती. निघाला तो काळही लक्षात घ्यायला हवा. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. गावे ओस पडली, माणसे आणि जनावरे मेली. त्यावर फौजांची ये-जा. अस्मानी आणि सुलतानी हे दोन शब्द आपण आज सहज वापरतो. रामदासांनी ती दोन्ही संकटे पायी फिरून पाहिली आणि त्यावर प्रकरणे लिहिली.

या भटकंतीत ते भिक्षा मागत. भिक्षेविषयी त्यांचे मत मला फार आवडते. पोट भरणे हा तिचा किरकोळ भाग. भिक्षेच्या निमित्ताने घराघरांत जाऊन लहानथोर माणसे पारखता येतात, असे ते सांगतात. दारात उभे राहिले की घरातले बोलणे कानावर येते. कोणाकडे काय पिकले, कोणाचे काय बुडाले, कोण कोणाला घाबरते, हे सभेत कधी कळत नाही. आमच्या धंद्यात याला गरजा समजून घेणे म्हणतात आणि त्यासाठी मोठमोठे फॉर्म असतात. झोळी बरी, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

चोवीस वर्षांनी ते जांबला आईला भेटायला आले, असे परंपरा सांगते. राणूबाईंची दृष्टी तोवर गेली होती आणि त्यांनी लेकाला आवाजावरून ओळखले. ही भेट आपल्या भागातल्या कीर्तनकारांचा हुकमी प्रसंग आहे, त्यामुळे मी तो त्यांच्याकडेच सोपवते. गंगाधर मात्र जांबलाच राहिले. रामीरामदास या नावाने त्यांनीही ग्रंथरचना केली. धाकट्या भावाच्या सावलीत त्यांचे नाव झाकले गेले, हे जिल्ह्याच्या दृष्टीने वाईटच.

१६४४ नंतर रामदास कृष्णाकाठी आले आणि शेवटपर्यंत त्याच मुलखात राहिले. मसूर, उंब्रज, शिराळे अशा ठिकाणी मारुती स्थापले, १६४८ साली चाफळला राममंदिर उभे केले. मग मठ निघू लागले. मठ म्हटले की आपल्यासमोर भगवी कफनी आणि धुनी येते. पण रामदासी मठात काय चाले याचा अंदाज त्यांच्या जुन्या कागदपत्रांवरून बांधला, तर प्रत्येक मठ म्हणजे थोडेफार ग्रंथालय आणि थोडीफार नक्कलशाळा दिसते. पोथ्या एका मठातून दुसऱ्या मठात जात, तिथे त्यांच्या प्रती होत. छापखाना नसलेल्या काळात पुस्तक टिकवायचा तोच एक मार्ग होता. एक प्रत आगीत गेली तर दुसरी कुठेतरी असावी. बॅकअपची कल्पना आमच्या क्षेत्राने शोधली असे समजणाऱ्यांनी रामदासी मठांच्या पोथ्यांच्या याद्या एकदा पाहाव्यात.

दासबोध आकाराला आला तो मुख्यतः महाडजवळच्या शिवथरघळीत. बाहेर धबधबा, आत घळ. समर्थ सांगत आणि कल्याण लिहून घेत. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण ७७५१ ओव्या. बोललेला शब्द न सांडता कागदावर उतरवणे ही वेगळीच विद्या आहे. मीटिंगचे टिपण काढायला कोणी सांगितले की आमच्याकडे सगळे खाली बघतात. कल्याणांनी हे काम वर्षानुवर्षे केले. समर्थांच्या सगळ्या शिष्यांत मला त्यांच्याविषयी जास्त आपुलकी आहे. लिहून घेणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर येत नाही. पुढे परांड्याजवळ डोमगावला त्यांचा मठ झाला आणि त्यांच्या हातची दासबोधाची पोथी तिथेच राहिली. समर्थ गेल्यावर कल्याण तीस वर्षांहून जास्त जगले. १७१४ साली ते वारले.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लिहिण्याच्या क्रियेवर आहे. सुंदर हस्ताक्षराच्या तक्त्यावर त्यातली एखादी ओळ आपण वाचलेली असते, पण सबंध समास बहुधा कोणी वाचत नाही. तो वाचताना मला आमच्या कंपनीचे कोड कसा लिहावा याचे नियमपुस्तक आठवले. फरक एवढाच की समर्थांचे जास्त नेमके आहे.

बाळबोध अक्षर घोटून घोटून सुंदर करावे, इथून सुरुवात. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. काळ्या शाईच्या ओळी मोत्यांच्या माळेसारख्या दिसाव्यात. ग्रंथाच्या पहिल्या पानावरचे अक्षर आणि शेवटच्या पानावरचे अक्षर सारखेच असावे. शाईचा काळेपणा, टाकाची जाडी, वळण, काहीही बदलू नये. सगळा ग्रंथ एका टाकाने एका बैठकीत लिहिला असे वाटले पाहिजे. ओळीला ओळ चिकटता कामा नये. वरच्या ओळीतले लांब अक्षर खालच्या ओळीला आणि खालच्या ओळीची मात्रा वरच्या अक्षराला लागू नये. त्यासाठी पानावर आधी शिशाने रेघा आखून घ्याव्यात. दोन ओळींतले अंतर कमी-जास्त होऊ नये. शोधूनही चूक सापडू नये.

इथपर्यंत कोणताही चांगला शिक्षक सांगेल. पुढे दोन गोष्टी आहेत, त्या मला विलक्षण वाटल्या. पहिली म्हणजे तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते स्वतःलाच वाचता येत नाही. मध्यम आकाराचे लिहावे. आता पंचेचाळिशीत चष्म्याचा नंबर बदलून आलेल्या आपल्या बॅचला हे जास्त समजावून सांगायला नको. लिहिणाऱ्याने पुढच्या वाचकाचा विचार करावा, आणि तो पुढचा वाचक म्हणजे वीस वर्षांनंतरचे आपणच असू शकतो, हे इतक्या साध्या उदाहरणात त्यांनी बसवले आहे. दुसरी गोष्ट मार्जिनची. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडून मध्येच लिहावे, का तर कागद कडेने झडतो. कडा झडल्या तरी अक्षर झडू नये. आपल्याला पाचवीत समास सोडा, समास सोडा म्हणून पट्टी खावी लागली, पण तो का सोडायचा हे तेव्हा कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

मग साहित्याची यादी. कागद घट्ट आणावा आणि खळ देऊन घोटावा. सुऱ्या, कात्र्या, घोटाळे हाताशी असावेत. बोरू देशोदेशीचे जमवावेत, कणखर, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत. टाक तोडायच्या पद्धती अनेक आहेत, त्या माहीत असाव्यात. हिंगूळ संग्रही असावा, शाई वाळवून साठवावी. पोथी झाली की तिला बासन, वर मेणकापड, मग पेटी आणि कुलूप. वाचताना लेखणाऱ्याची खोली डोळ्यांसमोर उभी राहते. हातकागद तेव्हा आपल्या शेजारीच होत असे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची वस्ती शतकानुशतके होती. कागदाला खळ दिली नाही तर शाई फुटते, आणि घोटला नाही तर बोरू अडकतो. ज्याने हे स्वतः केले आहे तोच असे लिहू शकतो. टाकळीतले रामायण इथे कामाला आलेले दिसते.

त्यांनी बाळबोधीवर भर का दिला असावा, याचाही मी विचार केला. रोजच्या व्यवहाराची लिपी मोडी होती. ती भरभर लिहिता येते, हात उचलावा लागत नाही, पण वाचणाऱ्याला सराव लागतो. बाळबोध लिहायला संथ, वाचायला सोपी. कुलकर्ण्याच्या घरातला हा मुलगा मोडीत वाढला होता, तरी ग्रंथासाठी त्याने वाचणाऱ्याची सोय पाहिली. हा माझा तर्क आहे, पण त्या समासाचा एकंदर सूर पाहता मला तो पटतो.

वाचण्याविषयी ते मूर्खलक्षणांत बोलतात. अक्षरे गाळून वाचणारा, नाहीतर पदरची अक्षरे घालून वाचणारा आणि पुस्तकाची निगा न राखणारा मूर्ख. त्याच्याच शेजारी आणखी एक आहे: स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, नुसते बांधून ठेवतो. अशी कुलूपबंद कपाटे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि खूप वाचून, उत्तम बोलून जो तसा वागत नाही त्याच्यासाठी त्यांनी पढतमूर्ख हा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे.

ऐकण्याला तर त्यांनी फारच जागा दिली. श्रवण ही नवविधा भक्तीची पहिली पायरी, हे परंपरेचेच. पण ऐकणारा कसा बिघडतो याचे त्यांचे निरीक्षण आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसून केल्यासारखे आहे. अठराव्या दशकात झोपेवर एक सबंध समास आहे. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणे, बरळणे, सगळे त्यात आले आहे. त्याला लागूनच श्रोत्याच्या दोषांचा समास. गंभीर चेहऱ्याचे समर्थ ज्यांच्या मनात पक्के बसले आहेत त्यांनी हे दोन समास जरूर वाचावेत. मी ऑफिसच्या बसमध्ये वाचताना एकटीच हसत होते.

आणि शिकवण्याविषयी त्यांचे म्हणणे असे की मुलाला चालायला शिकवताना आपण त्याच्या पावलाने चालतो, त्याच्या मनाजोगे बोलतो. लोकांना शिकवायचे तर तसेच, हळूहळू. आपल्या वर्गशिक्षिका बाई, ज्यांचे नाव संपादकांनी इतर लेखांत दिले आहेच, अगदी अशाच शिकवत. त्यांनी हे कुठे वाचले होते की उपजत होते, ते विचारायचे राहून गेले.

समर्थांच्या शिष्यांत वेणाबाई होत्या. मिरजेच्या देशपांडे घराण्यातल्या बालविधवा. परंपरा त्यांची पहिली भेट अशी सांगते: वेणाबाई तुळशीवृंदावनापाशी एकनाथी भागवत वाचत बसल्या होत्या, रामदास भिक्षेला आले आणि त्यांनी विचारले की काय वाचतेस, आणि वाचतेस ते समजते का. वेणाबाईंनी मनात साठलेल्या शंका भराभर विचारल्या. गोष्ट तपशिलात खरी असो वा नसो, तिच्यातला प्रश्न खरा आहे. वाचता येणे आणि वाचलेले समजणे यांतले अंतर आजही शाळांच्या पाहण्यांमध्ये मोजले जाते; अक्षरे जोडून वाचणारे आणि परिच्छेदाचा अर्थ सांगू न शकणारे मूल ही आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची रोजची चिंता आहे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बालविधवेला कोणीतरी तो प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली. वेणाबाईंना त्यानंतर घरातून आणि समाजातून बरेच सोसावे लागले. त्या कीर्तन करू लागल्या, उभ्याने, पुरुषांसमोर. सीतास्वयंवर हे आख्यान त्यांनी रचले. मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपवला गेला. विधवेने केशवपन करून अंधाऱ्या खोलीत बसावे अशी रीत असताना एका बाईच्या हाती मठ देणे ही साधी गोष्ट नव्हती.

एवढे लिहून झाल्यावर दुसरी बाजू लिहिली नाही तर हा लेख अपुरा राहील. लेखनक्रियेचा तो समास ज्या पहिल्या शब्दाने सुरू होतो तो ब्राह्मण आहे. बाळबोध अक्षर कोणी घोटावे, तर ब्राह्मणाने. मी त्या जातीत जन्मले नाही. सतराव्या शतकातल्या जांबमध्ये मी असते तर तो समास माझ्यासाठी नव्हता. महात्मा फुल्यांनी रामदासांवर कठोर टीका केली आहे, ती मी वाचली आहे आणि तिच्यामागचे दुःख मला कळते. पण त्याच एकोणिसाव्या दशकाच्या शेवटी, आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला शिकवावे आणि पुष्कळ लोकांना शहाणे करावे, असेही तेच समर्थ सांगतात. पहिल्या समासातला एक आणि शेवटच्या समासातले पुष्कळ, यांचा मेळ मला पूर्ण घालता आलेला नाही. चाफळचे मंदिर १६४८ चे. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८४८ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्या पुष्कळांना खऱ्या अर्थाने दार उघडले. आपल्या मराठवाड्यात ते दार आणखी उशिरा उघडले. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, शाळा मोजक्या, आणि त्यांतही वरच्या वर्गांची भाषा उर्दू.

माझी आजी, आईची आई, परतूर तालुक्यातली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. बँकेत अंगठा उठवायची. पण मनाचे श्लोक तिला सगळे, दोनशे पाचच्या दोनशे पाच, पाठ होते. देवळात ऐकून ऐकून. मी पाठांतर स्पर्धेची तयारी करायचे तेव्हा पुस्तक माझ्या हातात असायचे आणि चूक तिला कळायची. एक अक्षर गाळले की ती पोळी लाटता लाटता हूं करायची. अक्षरे गाळून वाचणाऱ्याविषयी समर्थांनी काय म्हटले आहे हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. तिचा कान हेच तिचे शिक्षण होते. नव्वदच्या दशकात साक्षरता वर्ग सुरू झाले तेव्हा ती साठीत गेली आणि नाव लिहायला शिकली. मग तिने माझे मनाच्या श्लोकांचे पुस्तक मागून घेतले आणि पाठ असलेल्या ओळींवर बोट फिरवत बसायची. आवाज माहीत होता, त्याचे चित्र ती शोधत होती. पहिले दहा-बारा श्लोक तिने असे ओळखीचे केले, मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता ७१ टक्क्यांच्या आसपास होती, आणि स्त्रियांची ६१ च्या आसपास. ते आकडे वाचताना मला ते बोट दिसते.

समर्थांचे शेवटचे दिवस साताऱ्याजवळ सज्जनगडावर गेले. १६७८ साली शिवाजी महाराजांनी चाफळच्या देवस्थानासाठी सनद दिली, ती इतिहासाला माहीत आहे. महाराज गेल्यावर संभाजीराजांना लिहिलेले समर्थांचे पत्रही प्रसिद्ध आहे. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या सुरुवातीला, सज्जनगडावर ते गेले. ती तिथी दासनवमी म्हणून आजही जांबला आणि गडावर पाळतात. त्यांच्यामागे चाफळ आणि सज्जनगडाचा कारभार अक्काबाईंनी पाहिला. १७०० साली गड मोगलांच्या हाती गेला तेव्हा देवाच्या मूर्ती सुरक्षित हलवण्याचे काम या बाईनेच केले, असे परंपरा सांगते. मूर्तींवरून आठवले: २०२२ साली जांबच्या मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या आणि काही आठवड्यांनी पोलिसांनी त्या परत मिळवल्या. त्या दोन महिन्यांत आपला ग्रुप जेवढा जागा होता तेवढा एरवी कधी नसतो.

पोथ्या मात्र अडीचशे वर्षे मठामठांत पडून होत्या. त्या गावोगाव हिंडून गोळा केल्या धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी. पेशाने वकील, आणि छंद हा. १८९३ साली त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि आयुष्यभर रामदासी कागद जमवले. टाकळीचे ते रामायण आपल्याला पाहायला मिळते ते त्यांच्यामुळे.

धुळ्यात आपल्या बॅचचे दोघे जण आहेत आणि दोघांनीही वाग्देवता मंदिर आतून पाहिलेले नाही, हे मी विचारून घेतले आहे. दिवाळीनंतरच्या शनिवारी जालन्याहून दोन गाड्या काढायचे ठरते आहे. येणाऱ्यांनी नावे कळवावीत. जाताना मुलांना घ्या, आणि चष्मे विसरू नका.